मुन्सफाच्या बंगल्याची येळवस

३ डिसेंबर, मंगळवार
आपांचा फोन! दात घासत होते, तोंडात फेस, तसाच उचलला. आपा येतायत. हैदराबादहून, स्वतः, ३० तारखेला सकाळी अकराला. तीन वर्षांत पहिल्यांदा.
बंगला त्यांचा, त्यांच्या आजोबांनी बांधलेला. निजामाच्या काळात ते इथे मुन्सफ, म्हणजे न्यायाधीश, होते. फाटकावर ‘कलानिवास’ची दोन हात लांब पाटी लावूनसुद्धा आख्खं अहमदपूर अजून मुन्सफाचा बंगलाच म्हणतं.
कलावंतांना राहून काम करायला मी हा बंगला भाड्याने घेतलाय, तो करार ३१ ला संपतोय. आपा आडपडदा न ठेवता बोलल्या. लातूरचा एक मंगल कार्यालयवाला मागे लागलाय, त्याला जागा हवी आहे. “मैं आके देखूँगी, वैशाली. तस्वीरें नहीं देखनी मेरे कू. ये घर बंद हुआ तो वहाँ किसको फरक पड़ता, वो देखना है.”
मी म्हटलं या या, ३० च करा, त्याच दिवशी प्रदर्शन उघडू, गाव लोटेल! खरंच म्हणाले, गाव लोटेल. फोन ठेवून पाच मिनिटं ब्रश शोधत होते. हातातच होता.

५ डिसेंबर, गुरुवार
दोघांना सांगितलं. सध्या दोनच कलावंत मुक्कामाला. केतकी पुण्याची, ज्वारीच्या कडब्याचा लगदा करून कागद बनवते, तिच्या अंगाला गोठ्यासारखा वास येतो आणि तिला त्याचं काही नाही. इरफानभाई नांदेडचे. जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मोर आणि मालकांची नावं रंगवली, इथे पत्र्यांवर माणसं रंगवतायत. मागच्या गल्लीतली माणसं, मोठाले चेहरे, एकेक पत्रा दाराएवढा.
इ.भाई म्हणाले, “मग निळा रंग अजून मागवा मॅडम.” केतकीने मला मिठी मारली, माझा कुर्ता लगद्याने बरबटला.
एकच सल आहे. इ.भाई ज्यांना रंगवतात ती माणसं फाटकाच्या आत येत नाहीत. शिलाईवाल्या रुक्मिणकाकू चार दिवस फाटकाबाहेरच्या छोट्या पुलावर बसून होत्या आणि हे गृहस्थ पत्रा उचलून रस्त्यावर. मी कितीदा म्हटलं, काकू, व्हरांड्यात या, सावली आहे. “हितं बरं हाय की,” म्हणतात. तीन वर्षं झाली. चहा बाहेर न्यावा लागतो.

९ डिसेंबर, सोमवार
कार्डं छापून आली. दोनशे. काय देखणी झालीयत! स्टँडजवळच्या छापखानेवाल्याने देताना विचारलं, “मॅडम, तारीख बरोबर हाय न्हवं?” मी फणकाऱ्याने म्हटलं, मीच लिहून दिलीय ना.
संध्याकाळी पहिलं कार्ड गंगाधरमामांना दिलं. मामा म्हणजे आमचे स्वयंपाकी, पहारेकरी, सगळंच. त्यांचे वडीलही याच फाटकावर होते. मामांनी कार्ड हातभर लांब धरून वाचलं.
“तीस तारीख. सोमवार.” मग माझ्याकडे बघितलं. “येळवस हाय की ओ त्या दिशी.”
मी त्यांच्या हातातून कार्ड घेऊन परत वाचलं.
“गावात कुत्रं बी राहत न्हाई, मॅडम.”
लातूरची पोर मी! येळवसला आमच्या जिल्ह्यातली माणसं घराला कुलूप ठोकून रानात जातात. बाजार बंद, शाळांना सुट्टी. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा, मग शेंगा-दाण्यांची बेसन लावलेली भज्जी, ताकातली अंबील, बाजरीचे उंडे, आणि दिवे लागायच्या वेळी घरी. बाहेरचा माणूस ही वेळ अमावस्या विसरला तर ठीक. मी? कपाळावर हात मारून घेतला, तर मामा म्हणाले, “हळू. चष्मा हाय.”

१० डिसेंबर, मंगळवार
आपांना फोन. तारीख बदलता येत नाही. ३१ ला त्या दुबईला लेकीकडे चालल्या, तीन महिने. मी सगळं सांगितलं. म्हणजे गाव त्या दिवशी रिकामं असेल, हे. त्या म्हणाल्या, “जो होगा वोइच देखूँगी.”
हा होकार का नकार, देव जाणे.

१२ डिसेंबर, गुरुवार
सगळ्यांशी भांडले. मामांशी, आधी का नाही सांगितलं म्हणून. “आधी इचारलंत कधी?” म्हणाले. बरोबर होतं म्हणून जास्त राग आला. केतकी म्हणाली, आपण फोनवरून सगळ्यांना थेट दाखवू. तिच्यावरही डाफरले, रानात रेंज असते का बाई! ती बिचारी लगदा ढवळत बसली.
मग आईचा फोन. आईने तर तासलंच. “लातुरात जल्मली, भज्जी खाऊन वाढली आन् येळवस इसरली? लोकाला सांगू नकोस कुटं.”
आणि फोन ठेवल्यावर आठवलं ते लिहूनच टाकते.
दादा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारेच्या कचेरीत शिपाई. आम्हाला एक गुंठा रान नाही. येळवसच्या सकाळी दादा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात बसायचे. कुणीतरी यायचंच बोलवायला, कचेरीतला कारकून, नाहीतर एखादा ओळखीचा पाटील. दादा म्हणायचे, “आपण देव सोडलेत, भज्जी न्हाई.” आणि हसत निघायचे, आम्ही मागे. पूजेच्या वेळी बांधावर उभे राहायचो, जेवायला पंगतीत.
एका वर्षी कुणी आलं नाही. मी नऊ वर्षांची. नवा फ्रॉक. बारा वाजले, एक वाजला. गल्ली सुनसान. दादा उठले, सदरा काढून खुंटीला लावला आणि आईला म्हणाले, आज पोट बरं नाही, पिठलं टाक.
मी येळवस विसरले नव्हते. मला वाटतं, मी ती तेव्हापासून टाळतच आले. नांदेडला वाचनालयात कंत्राटावर होते तेव्हाही या दिवशी मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायचे.
रडले. बरं वाटलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार
सुचलं!!
सकाळी बंगल्याच्या मागे गेले. तिथे दोन एकर आहेत, बंगल्याचेच. मामा ते बटईने, म्हणजे वाट्याने, करतात, अर्ध्यात हरभरा, अर्ध्यात ज्वारी. हरभऱ्याचा डहाळा ओरबाडून खात उभी होते, दातांखाली आंबट.
“मामा, या रानात येळवस कोण करतं?”
“कुणीच न्हाई. मालक हैदराबादला. मी भावाच्या रानात जातो.”
“कधीच नाही?”
“माज्या हयातीत तर न्हाई.”
म्हणजे बंगल्याला रान आहे! आणि मी तीन वर्षं व्हरांड्यात खुर्च्या मांडून गावाची वाट बघतेय. आपण गावाला येळवस सोडून या म्हणायचंच नाही. आपणच येळवस करायची. बंगल्याची येळवस! आणि गल्लीत ज्यांना रान नाही त्यांना आपण बोलवायचं, बाराच्या आधी, न विसरता.
मामा म्हणाले, “कोप बांधावी लागंल.” एवढं म्हणाले म्हणजे झालं. धावत जाऊन केतकीची माफी मागितली.

१७ डिसेंबर, मंगळवार
कार्डांचा गठ्ठा घेऊन निघाले तर मामांनी पिशवी काढून घेतली. “कार्ड लग्नाला. येळवसचं आवतन तोंडानं द्यावं लागतंय. हर एक दारात.”
गेले. पहिलं दार रुक्मिणकाकूंचं. मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, “आमाला दोन रानातून सांगावा हाय.”
माझा चेहरा पडला असणार. मला वाटलं होतं, रान नाही म्हणजे ती माणसं माझीच वाट बघत बसलीयत! काय हा शहाणपणा. त्यांचं त्यांचं सगळं ठरलेलं.
काकूंनी दोरा तोडला. “तोंड कशापायी पाडायलीस? येळवसला एका जागी कोण जेवतंय? ह्या रानात चाखायचं, त्या रानात चाखायचं. तुज्याकडं बी येऊ.” मग, “पण फाटकातून यावं लागंल काय?”
“हो, मग?”
“मग बगू.”
अकरा घरं झाली. सगळीकडे तेच. येतो, पण फाटकातून का? परत येताना मामा सोबत होते. बंगल्याशी आल्यावर म्हणाले, “माज्या बापाला हुकूम होता. कोर्टाचं काम असंल तर आत, न्हाईतर बाहेर. हुकूम देणारा मेला, बाप मेला. लोकाच्या पायाला म्हाईतच न्हाई अजून.”

१८ डिसेंबर, बुधवार
रानाच्या मागच्या अंगाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे. पलीकडे थेट गल्ली. सकाळी सातला खडखड ऐकून गेले तर मामा कुऱ्हाड घेऊन कुंपण फोडतायत. बैलगाडी जाईल एवढं भगदाड.
“आपांना विचारलं नाही, मामा!”
“रानात याया कुणी इचारत न्हाई. बंगल्यात याया इचारतेत.”
काय माणूस आहे! इतकी वर्षं मी याला नुसता भातात मीठ जास्त का म्हणून बोलतेय.

२२ डिसेंबर, रविवार
कोप उभी राहिली. पाच पेंढ्या एकमेकींना टेकवून, वर बांधून, आत दोन माणसं वाकून बसतील एवढी. कडब्यावरून केतकी आणि मामांची जुंपली. तिचा कागदासाठी राखलेला कडबा मामांनी परस्पर उचलला. शेवटी तह झाला. कोप मामांची, आतून तिचे कागद टांगायचे.
कोपीत पाच पांडव मांडतात. पाच दगड, वर चुना. इ.भाईंनी उत्साहाने ब्रश घेतला, “इनके डोळे काढू का?” मामा असे ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. “पांडवाला डोळे नसतेत ओ!”
“मग त्यांना दिसतं कसं?”
“तुमाला काय करायचंय!”
दुपारभर हसत होतो. इ.भाई चेहऱ्यांचे पत्रे हॉलमध्ये लावणार नाहीत. हरभऱ्याच्या बांधाने ओळीने उभे करायचे म्हणतात, ट्रॉलीचे फाळके, हे बाजूचे पत्रे, उन्हातच शोभतात. हॉलमधले दिवे, पडदे, फीत, सगळं रद्द! मला भीती वाटतेय आणि मजाही येतेय.

२७ डिसेंबर, शुक्रवार
अंबील आंबायला घातली. आई फोनवर, मी मडक्यापाशी. “ताक आंबट घे. आजून आंबट. ज्वारीचं पीठ उलीसं भाजलं का? वास आला का? मग भाजलं न्हाई.” चाळीस मिनिटं.
आईला म्हटलं, तू ये ना. म्हणाली गुडघे दुखतेत. मग हळूच, “तुज्या दादाला सांगायला पायजे होतं. लेकीचं रान हाय म्हून.” दादांना जाऊन सहा वर्षं झाली. रान माझं नाही, आई, आपांचं आहे. पण तिला म्हणू दिलं.

२९ डिसेंबर, रविवार
हात बेसनाने पिवळे. शेंगा, वाटाणे, तुरीचे दाणे सोलून अंगठा बधिर. केतकीने उंडे वळले, एकही दुसऱ्यासारखा नाही.
चारच्या सुमाराला भगदाडातून रुक्मिणकाकू आल्या. सोबत दोन बायका. आल्या त्या सरळ बंगल्याच्या स्वयंपाकघरात. आत! काकूंनी पातेल्यात डाव घालून बघितलं.
“हे वरण हाय का भज्जी? बेसन कुटं हाय?”
पदर खोचला, मला बाजूला केलं आणि चिंचेचा कोळ मागितला. घरून आपलं मोठं पातेलं आणवलं. जाताना म्हणाल्या, “आता कुणी नावं ठिवणार न्हाई.” मी त्यांच्या पाया पडणार होते, मामांनी डोळ्यांनी दटावलं.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस
सगळं लिहायचंय, क्रमाने लिहायला जमेल का?
अकराला आपांची गाडी पुढच्या फाटकाशी. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, काठी. व्हरांड्यात उभं राहून खांबावर हात ठेवला. मी त्यांना मागे रानात आणलं. मामांनी पूजा केली, ‘ओलगे ओलगे’ असं पुकारत, अंबील शिंपडत रानाला फेरी घातली. आम्ही चौघं आणि आपा. बस. एवढेच.
गाव म्हणजे स्मशान. रस्त्यावर एक मोटारसायकल नाही. “गाँव कहाँ है?” आपांनी विचारलं.
“आपापल्या रानात.”
साडेअकरा. बारा. एक. शंभर माणसांची भज्जी झाकून ठेवलेली. आपा कोपीच्या सावलीत खुर्चीवर. मी भगदाडाकडे बघत होते, नऊ वर्षांची असताना गल्लीकडे बघत होते तशी. कुणी येणार नाही. मी आता पिठलं टाकणार. इ.भाई हळूच म्हणाले, “सबर, मॅडम.” मी पातेल्यावरचं झाकण परत नीट बसवलं.
दोन वाजून गेल्यावर बाभळीपलीकडून आधी हसू ऐकू आलं. मग रुक्मिणकाकू, मग त्यांच्यामागे रांगच! गल्ली, गल्लीचे पाहुणे, आणि ज्या रानांत ते जेवून आले होते त्या रानांचे मालकसुद्धा. फेटेवाले, फटफटीवाले. आणि प्रत्येक रानाचं एकेक पातेलं! आपल्या रानाची भज्जी इथे आणून आमच्या भज्जीशी ताडून बघायची. पोट भरलेली माणसं, खाणार किती? आमचं पातेलं रिकामं व्हायचं सोडून शेजारी सात पातेली उभी राहिली. मी येळवसला स्वयंपाक उरलेला ऐकलाय, वाढलेला आजच बघितला.
मग वाद. कुणाची भज्जी भारी. एक म्हातारे शेतकरी सरळ आपांकडे गेले, “तुमी मुन्सफाची नात. निकाल द्या.” आपा खुर्चीवरून उतरून केव्हाच कडब्यावर बसल्या होत्या. आठ चवी घेतल्या. डोळ्यांत पाणी, तिखटाने. “सब के सब मुजरिम हैं,” म्हणाल्या. असा हशा उसळला!
रुक्मिणकाकू पत्र्यावरचा आपला चेहरा बघून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग इ.भाईंना, “चमकी डाव्या नाकात असती माजी. उजव्यात कशी काढली?” इ.भाई घाबरून ब्रश आणायला पळाले आणि सगळ्यांसमोर चमकी इकडून तिकडे केली. टाळ्या! केतकीचा कागद त्याच म्हाताऱ्यांनी बोटांत चोळला, “पोरी, ह्या कडब्याला बैल तोंड लावायचा न्हाई.” तिने ते वहीत लिहून घेतलं, जणू बक्षीसच मिळालं.
साडेपाचला आपा निघाल्या. गाडीत बसल्यावर काच खाली केली. मला वाटलं, आता.
“दरवाजे से कोई नहीं आया, वैशाली.”
एवढंच. गाडी गेली.
हे कौतुक का तक्रार? मामांना विचारलं. ते हेंडगा पेटवत होते, कडब्याचा पलिता घेऊन रानाला फेरी मारायची असते. म्हणाले, “खरं हाय ते. कोणीच न्हाई आलं.”

३१ डिसेंबर, मंगळवार
करार संपला. फोन नाही. आपा विमानात असतील. हॉल झाडला. पाटी पुसली. मग वाटलं, कशाला पुसली.
रान तुडवून सगळा हरभरा आडवा झालाय. मामा म्हणतात उठंल.

२ जानेवारी, गुरुवार
आजचं आजच लिहून टाकते.
दहाच्या सुमाराला पुढच्या फाटकातून एक तरुण इंजिनियर आला, मंगल कार्यालयवाल्याचा. हातात टेप. आपांनी माप घ्यायला हो म्हटलंय म्हणाला, मेसेज दाखवला. खरा होता, ३१ चा. मी बाजूला झाले. त्याने व्हरांडा मापला, हॉल मापला, मग रानाकडे निघाला. इथे पार्किंग, इथे भोजनकक्ष. मी मागे मागे.
तेवढ्यात भगदाडातून रुक्मिणकाकू. येळवसचं पातेलं न्यायला आल्या होत्या, ते कमरेवर घेऊन उभ्या.
“काय मापून राहिलास रे बाळा?”
त्याने सांगितलं. नीट, आदराने सांगितलं, त्याची काही चूक नाही. काकूंनी पातेलं खाली ठेवलं.
“हितं हॉल? मग येत्या येळवसला आमी कुटं जायचं?”
“मावशी, तुमचं काय आहे इथे?”
“काय हाय? माजं थोबाड हाय बग तिथं बांधाला, दाराएवढं! आन् ह्या हरभऱ्यात माजे पाय उमटलेत. मामा, सांगा की ह्याला!” आणि गल्लीकडे तोंड करून हाक मारली. बायका आल्या. येळवसला आलेले दोघे फेटेवाले धान्याच्या मोंढ्यातून निघाले होते, गलका ऐकून फटफटी लावून तेही आले. आणि ते आले पुढून! फाटकातून, व्हरांड्यावरून, हॉलमधून, चपला घालून, कुणाला न विचारता. मामा बघतच राहिले.
मी आपांना फोन लावला. काही सांगण्याऐवजी हात वर करून फोन त्या गलक्यात धरला. किती वेळ, माहीत नाही, दंड भरून आला. कानाला लावला तेव्हा वाटलं कट झाला असेल. नव्हता.
“कौन बोल रही थी? पतेली वाली?”
“रुक्मिणकाकू. शिलाई करतात.”
आपांनी ते नाव पुन्हा म्हणून बघितलं. मग, “उस बच्चे कू बोलो, आज नक्को.”
“आणि उद्या, आपा?”
फोन ठेवला होता.
मी त्या मुलाला सांगितलं. त्याने टेप गुंडाळला, माणसांमधून वाट काढत फाटकापर्यंत गेला, वळून म्हणाला, “मॅडम, मला उद्या परत यावं लागेल. साहेब सोडणार नाहीत.”
मी काही म्हणायच्या आत काकूंनी व्हरांड्याच्या पायरीवर बैठक मारली.
“ये की,” म्हणाल्या. “आमी हितंच हावोत.”